हाड कापून सावरलेला गुडघा: कुत्र्याच्या टीपीएलओनंतर हाड मोडू नये म्हणून, आणि मोडलंच तर

गुडघ्याच्या टीपीएलओ ऑपरेशनला १९ दिवस झाले होते. टाके निघाले होते, चिंगी चारही पाय टेकून चालत होती आणि घरातले सगळे निर्धास्त झालो होतो. दाराची बेल वाजली. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवरून ती दाराकडे धावली, मागचा पाय सटकला आणि ती जोरात केकाटली. त्यानंतर डावा पाय तिने जमिनीला लावलाच नाही. संध्याकाळच्या एक्स-रेमध्ये दिसलं की गुडघ्याच्या खाली, नडगीच्या पुढच्या बाजूला असलेला हाडाचा उंचवटा तुटून वर सरकला होता.

चिंगी आमची लॅब्रॅडॉर. तेव्हा ६ वर्षांची, वजन ३६ किलो. तिचं दुसरं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आज ती टेकडीवर फिरायला येते. मी डॉक्टर नाही. त्या काही महिन्यांत सर्जनना पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न, त्यांनी कागदावर काढून दाखवलेल्या आकृत्या आणि आमच्या घरात राहून गेलेल्या गोष्टी यांतून हे लिहिलं आहे. तुमच्या कुत्र्याचं असं ऑपरेशन ठरलं असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर शांतपणे वाचा. ऑपरेशन होऊन गेलंय आणि पाय अचानक उचललाय, असं असेल तर आधी "पहिला तास" हा भाग वाचा, बाकीचं नंतर.

हाड मुळात कापतात कशासाठी

गुडघ्यात मांडीचं हाड नडगीवर बसलेलं असतं आणि नडगी पुढे घसरू नये म्हणून आत एक लिगामेंट असतं, क्रूशिएट लिगामेंट. माणसात ते बहुतेकदा खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्यात ते महिनोन्‌महिने झिजत जातं आणि मग एखाद्या दिवशी साध्या वळणावर सुटतं. लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, बॉक्सर अशा जातींत हे जास्त दिसतं. वजन वाढलेलं असेल तर आणखी.

कुत्र्याच्या नडगीचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, मागे उतरता असतो. हा उतार साधारण २० ते ३० अंशांचा. लिगामेंट गेलं की पायावर भार पडताच मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे ढकलली जाते. अमेरिकेतल्या ओरेगनचे पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेली टीपीएलओ शस्त्रक्रिया लिगामेंटला हातच लावत नाही, उतार बदलते. नडगीचं वरचं टोक अर्धगोल करवतीने कापायचं, फिरवून उतार ५ अंशांच्या आसपास आणायचा आणि प्लेट-स्क्रूने बसवायचं. २००२ मध्ये झुरिकमधून आलेली टीटीए ही दुसरी पद्धत. त्यात नडगीचा पुढचा उंचवटाच कापून पुढे सरकवतात आणि मधल्या फटीत धातूचा छोटा पिंजरा बसवतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, लाखो कुत्री त्यांच्यामुळे पुन्हा धावली आहेत.

पण दोन्हींत हाड मुद्दाम कापलेलं असतं, आणि हे आम्हाला नीट उमगलं नव्हतं. ऑपरेशन "गुडघ्याचं" म्हणून आमचं लक्ष गुडघ्यावर. प्रत्यक्षात आम्ही घरी आणलं होतं ते नडगी मोडलेलं, प्लेटने जुळवलेलं कुत्रं. कुत्र्याला बरं वाटू लागतं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. हाड जुळतं ८ ते १२ आठवड्यांत. मधल्या दिवसांत कुत्र्याला धावावंसं वाटतं आणि हाड अजून कच्चं असतं. पुढची सगळी काळजी या मधल्या दिवसांची आहे.

ऑपरेशन ठरवताना

सर्जनशी बोलायला लाजू नका. आमच्यासारखं "तुम्ही म्हणाल तसं" म्हणून उठू नका. ते अशी किती ऑपरेशन्स करतात, हे विचारा. उताराचा कोन एक्स-रेवर मोजून दाखवायला सांगा. उतार जितका जास्त, तितकं हाड जास्त फिरवावं लागतं, आणि नडगीला समांतर असलेल्या बारीक हाडावर, फिब्युलावर, तितका ताण येतो. करवतीच्या कापाच्या पुढे उंचवट्याचं हाड किती जाड उरेल, हेही विचारा. हा प्रश्न ऐकून सर्जन दचकणार नाहीत. चांगल्या सर्जनला तो आवडतो, कारण आमच्या चिंगीचं हाड मोडलं ते नेमकं त्याच पट्टीत. मांडीचे सगळे पुढचे स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत त्या उंचवट्यालाच ओढतात. पट्टी बारीक राहिली की एका उडीत ती उखडू शकते.

दोन्ही गुडघे खराब असतील तर दोन्ही एकाच दिवशी करून टाकावेत, असं वाटणं साहजिक आहे. एकच भूल, एकच खर्च. पण दोन्ही बाजू एकत्र केल्यावर उंचवटा मोडण्याचं प्रमाण वाढतं, कारण भार टाळायला चांगला पाय उरतच नाही. मध्ये काही आठवडे ठेवणं शक्य आहे का, ते विचारा. आणि कुत्रं लहान, हलकं असेल तर हाड न कापता सांध्याच्या बाहेरून मजबूत धागा बांधण्याच्या पद्धतीचाही विचार होतो. तिचे तोटे वेगळे, पण निदान हा धोका तिथे नसतो.

आता तारखेबद्दल, जे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पुढचे ८ आठवडे मोजून बघा. त्यात दिवाळी येते का? गणपतीची मिरवणूक तुमच्या गल्लीतून जाते का? फटाक्याच्या आवाजाने बिथरलेलं कुत्रं पलंगाखाली घुसताना पायाचा विचार करत नाही. आवाजाला घाबरणारं कुत्रं असेल आणि डॉक्टरांच्या मते थोडं थांबता येत असेल, तर तारीख पुढे ढकला. थांबता येत नसेल तर भीती कमी करणाऱ्या औषधांबद्दल आधीच बोलून ठेवा.

शेवटी पैशांचं. गुंतागुंत झालीच तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कसा धरतात, ते आधी स्पष्ट विचारा. टीपीएलओनंतरच्या लहान-मोठ्या सगळ्या गुंतागुंती धरल्या, तर वेगवेगळ्या अभ्यासांत त्यांचं प्रमाण १० ते ३४ टक्के आलेलं आहे. बहुतेक किरकोळ असतात, जखमेची सूज वगैरे. हाड मोडणं त्यातला छोटा भाग. तरी थोडे पैसे बाजूला काढून ठेवा.

घरी आणताना एक्स-रे सोबत घ्या

ऑपरेशन संपल्यावर लगेच काढलेला एक्स-रे ही तुमची सगळ्यात महत्त्वाची वस्तू. पुढे काहीही झालं तरी तुलना त्याच्याशीच होणार. समोरून आणि बाजूने असे दोन, आणि दोन्हींत गुडघा व घोट्याचा सांधा दोन्ही दिसायला हवेत. प्लेटच्या खालच्या टोकाशी नडगी तडकली तर ती अर्धवट एक्स-रेमध्ये दिसत नाही. मोबाईलवर काढलेल्या फोटोवर समाधान मानू नका, मूळ फाईल मागून घ्या.

सर्जनना एवढंच विचारा: यात कुठे काळजी वाटण्यासारखं आहे का? उंचवटा बारीक राहिला, स्क्रू कापाच्या जवळ आला, असं काही असेल तर ते सांगतील आणि तुम्ही दुप्पट जपाल.

घर आधी, कुत्रं मग

फरशी. आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्स या कुत्र्याच्या सगळ्यात मोठ्या शत्रू आहेत. ज्या वाटेने कुत्रं झोपायच्या जागेपासून दारापर्यंत जाईल, ती पूर्ण वाट झाकायची. योगा मॅट, रबरी चटया, जुन्या सतरंज्या, काहीही चालेल, फक्त कडा टेपने जमिनीला चिकटवा. न चिकटवलेली सतरंजी टाइलपेक्षाही घातक, कारण ती कुत्र्यासकट सरकते. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. पावसाळ्यात दाराशी पाणी साचतं, तिथे पायपुसणी ठेवा आणि कुत्र्याचे पाय पुसल्याशिवाय आत सोडू नका.

जागा. एक कोपरा ठरवा आणि तो कुंपणाने बंद करा. लहान मुलांसाठी मिळतं ते प्लेपेन मोठ्या कुत्र्याला पुरतं, मोठा पिंजरा असेल तर उत्तमच. उभं राहता यावं, वळता यावं, धाव घेता येऊ नये, एवढीच जागा. सोफ्यावर आडव्या खुर्च्या टाका. आम्ही हे केलं होतं, पण "आता बरी आहे" म्हणून १५ व्या दिवशी कुंपण काढलं. बेल वाजली ती त्यानंतर ४ दिवसांनी.

बेल. बंद करा. दारावर चिठ्ठी लावा: बेल वाजवू नका, फोन करा. दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचा वॉचमन सगळ्यांना सांगा. लोक ऐकतात.

जिना. आमची इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ३६ किलोचं कुत्रं एकट्याने उचलणं म्हणजे आपली कंबर आणि त्याचा पाय, दोन्ही धोक्यात. दोघांनी जाड चादरीची झोळी करून न्यायचं. जिथे दोन-चारच पायऱ्या आहेत तिथे लांब टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यायचा आणि वर धरून भार हलका करायचा. टॉवेल जखमेवर घासता कामा नये.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा शंकू नकोसा वाटला तरी टाके निघेपर्यंत काढू नका. चाटून चाटून जखम उघडते, जंतू प्लेटपर्यंत पोचतात, हाड जुळणं लांबतं आणि सैल पडलेला स्क्रू हाडाला आधार देत नाही. जखमेची काळजी ही हाडाचीच काळजी आहे.

आठवड्यांचा हिशोब

पहिल्या तीन-चार दिवसांत कुत्रं पायाचा शेंडा टेकवतं, पूर्ण भार देत नाही. सूज गुडघ्यावरून घसरत घोट्याशी येते आणि आम्हाला वाटलं तसं तुम्हालाही वाटेल की घोटाच बिघडला. ती सूज बहुधा गुरुत्वाने खाली उतरलेली असते, काही दिवसांत ओसरते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, डॉक्टर सांगतील तसा.

१० ते १४ दिवसांत टाके निघतात. याच सुमारास सावकाश चालताना प्रत्येक पावलाला पाय टेकायला लागतो. बाहेर जायचं ते फक्त शू-शीसाठी, आखूड पट्ट्यावर, दिवसातून चार-पाचदा, पाच-पाच मिनिटं. लांब खेचला जाणारा पट्टा कपाटात ठेवून द्या.

तिसरा ते सहावा आठवडा सगळ्यात अवघड. कुत्रं कंटाळतं, भुंकतं, डोळ्यांत बघून विनवतं. घरातलं एखादं माणूस विरघळतं. अशा वेळी डोक्याला काम द्या: खाणं वाटीत न देता कापडाच्या घड्यांत लपवा, बसल्या जागी वास ओळखायचे खेळ खेळा. तरीही ऐकत नसेल तर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं डॉक्टर वजनानुसार देतात. यात कमीपणा काही नाही. फक्त माणसांसाठीचं गॅबापेंटिनचं पातळ औषध स्वतःहून आणू नका. काहींत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे.

वजन याच काळात वाढतं, कारण हालचाल बंद आणि आजीचं प्रेम चालू. पोळीचा तुकडा, बिस्किट, तुपाचा हात सगळं मोजा. प्रत्येक जास्तीचा किलो त्याच उंचवट्यावर ओढ देतो.

६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे. कुत्रं ठणठणीत चालतंय म्हणून हा टाळू नका. उंचवट्याची बारीक भेग किंवा गुडघ्याच्या वाटीचा तडा कधी कधी याच एक्स-रेमध्ये, काहीही लंगडणं नसताना सापडतो. हाड जुळल्याचं त्यावर दिसेपर्यंत पळणं नाही, उडी नाही, दुसऱ्या कुत्र्याबरोबर मस्ती नाही.

हाड मोडलंय, हे ओळखायचं कसं

घरातला माणूस एक्स-रे यंत्र नाही. त्याने बघायचं ते एकच: प्रगतीची दिशा उलटली का? काल टेकवत होता, आज उचललाय. काल उठताना त्रास नव्हता, आज कण्हतोय. ओरडणं ऐकू आलंच पाहिजे असं नाही. फिब्युला मोडते तेव्हा कित्येकदा दोन-तीन दिवसांत लंगडणं हळूहळू वाढतं, एवढंच.

गुडघ्याच्या वाटीखाली समोरच्या बाजूला नवी सूज, तिथे हात नेताच पाय मागे घेणं, निरोगी पायाच्या तुलनेत वाटी वर चढल्यासारखी दिसणं, यांवर उंचवट्याचा संशय घ्या. पाय गुडघ्याखाली वाकडा दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, तर नडगीच मोडलेली असू शकते. जखमेतून पाणी, पू, गरम लाल कातडी, ताप, न खाणं हे जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. आणि महिन्यांनंतर, हाड जुळल्यावर, अचानक लंगडणं आणि सांध्यात टक्‌टक्‌ आवाज आला तर कारण कदाचित हाड नसून गुडघ्यातली गादी, मेनिस्कस, फाटलेली असते. घरी निदान करत बसू नका. उलटी दिशा दिसली की त्याच दिवशी एक्स-रे.

पहिला तास

१. कुत्र्याला जिथे आहे तिथेच थांबवा. बोलवू नका, चालवून बघू नका, "टेकवतोय का" म्हणून उभं करू नका.

२. हाड चाचपून बघू नका. दुखणारं कुत्रं घरच्यांनाही चावतं. हाताळावंच लागलं तर मऊ कापडाची पट्टी तोंडाला सैलसर बांधा. धाप लागलेली असेल किंवा उलटी होत असेल तर मुळीच बांधू नका.

३. लाकडी पट्ट्या, पुठ्ठा, क्रेप बँडेज काहीही बांधू नका. पायाचा आधार तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा तो मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा दोन्ही धरतो. कुत्र्याच्या मांडीच्या आकारामुळे घरी बांधलेली पट्टी गुडघ्याच्या वर टिकत नाही. ती नेमकी मोडलेल्या जागी थांबते आणि पट्टीच्या वजनाने खालचा पाय लंबकासारखा हलतो. हाड आणखी सरकतं. हाड कातडीबाहेर आलेलं दिसलं तर स्वच्छ, ओलसर कापड हलकेच झाकून ठेवा, आत ढकलू नका.

४. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांना वाचवण्यासाठी, पण कुत्र्याच्या पोटालाही ते सोसत नाही. डॉक्टरांनी दिलेलं कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅम चालू असेल तर त्याचा जादा डोसही स्वतःहून नको.

५. सर्जनना फोन करा. काय झालं, किती वाजता, शेवटचं काय खाल्लं, कुठली औषधं किती वाजता दिली, हे सांगा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून ते सांगेपर्यंत खायला देऊ नका.

६. न्यायचं ते फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर, मोडका पाय वरच्या बाजूला ठेवून. गाडीत मागच्या सीटवर एकाने शेजारी बसून खांदे धरायचे. जुन्या एक्स-रेची फाईल सोबत घ्या.

कुठलं हाड, कुठला उपचार

दुसऱ्या ऑपरेशनच्या नुसत्या शब्दाने आमच्या घरात रडारड झाली. पण प्रत्येक मोडीला ऑपरेशन लागत नाही.

उंचवट्याला नुसती भेग असेल, तुकडा सरकलेला नसेल आणि कुत्रं पाय टेकवत असेल, तर बरेच सर्जन सक्त विश्रांती आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे असा मार्ग घेतात. तुकडा सरकला असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही, स्नायू तो रोज वर ओढत राहतात. चिंगीचं तसंच झालं. तिच्या उंचवट्यातून दोन बारीक पिना घातल्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात तार आवळली. सर्जननी समजावलं ते मला फार आवडलं: स्नायू जितकं ओढतील तितका तारेमुळे तुकडा मूळ हाडावर दाबला जातो, म्हणजे मोडणारी ओढच जुळवायच्या कामी येते. टीटीएनंतर उंचवटा मोडला तर प्रश्न थोडा अवघड, कारण तिथे तो आधीच कापून वेगळा केलेला असतो आणि पिंजरा, प्लेट यांचंही स्थान बघावं लागतं.

एकटी फिब्युला मोडली तर सहसा वेगळं काही करत नाहीत, ती आपोआप जुळते. पण उताराचा कोन पुन्हा मोजून घ्या. फिब्युला हा बाजूचा टेकू, तो गेल्यावर फिरवून बसवलेलं वरचं हाड जागेवरून ढळलं नाही ना, हे बघायलाच हवं. थोडं ढळलं तर लक्ष ठेवतात, फार ढळलं तर प्लेट पुन्हा बसवतात.

वाटीचा तडा बहुतेकदा विश्रांतीने निभावतो. दोन तुकडे दूर गेले असतील तर तार.

नडगी आडवी मोडणं सगळ्यात गंभीर. ती बहुधा शेवटच्या स्क्रूच्या भोकातून जाते, कारण भोकाशी हाड दुबळं असतं आणि ताण तिथे गोळा होतो. इथे लांब प्लेट, कधी दोन प्लेट, किंवा बाहेरून सळ्यांचा सांगाडा लागतो. अशा वेळी आधीच्या सर्जनच्या हातात अवघड दुरुस्तीचा अनुभव नसेल तर दुसरं मत घ्या. चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत, ते स्वतःच फाईल पुढे पाठवतात.

संसर्गाचा संशय असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्रवाचा नमुना तपासायला पाठवायला सांगा. हाड जुळल्यानंतर संसर्ग धरून ठेवणारी प्लेट काढूनही टाकतात.

पुन्हा पहिल्या दिवसापासून

दुसऱ्या ऑपरेशननंतर आठवड्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. हे स्वीकारायला आम्हाला त्रास झाला. या वेळी कुंपण ९ आठवडे राहिलं, एक्स-रेने सांगितल्यावरच निघालं. त्यानंतरही एकदम मोकळं सोडलं नाही. पट्ट्यावर १० मिनिटं चालणं, दर आठवड्याला ५ मिनिटांची वाढ, मग हलका चढ, मग पाण्यात चालण्याचे व्यायाम. मांडी मात्र बरेच महिने बारीक राहिली. टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजून मी वहीत लिहायचे, फरक कमी होताना दिसला की धीर यायचा.

एक गोष्ट अजून चालू आहे. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंटही नंतर तुटतं, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांत. म्हणून चिंगी बसताना उजवा पाय बाहेर टाकून तिरकी बसते का, सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं आखडलेली पडतात का, हे मी रोज बघते. तिचं वजन आता ३० किलो आहे. हॉलमधल्या चटया अजून चिकटवलेल्याच आहेत.